झटपट भाजलेली सिलिका मेम्ब्रेन पावसाळ्यात गळते : भट्टीच्या आधी काय तपासावं

आमच्याकडे हा त्रास दर वर्षी जूनच्या अखेरीस सुरू व्हायचा. मे महिन्यात नीट उतरणाऱ्या मेम्ब्रेनच्या (गॅस चाळणाऱ्या पातळ थराच्या) डिस्क जुलैत गळायच्या. सोल (ज्यात बुडवून थर चढवतो तो अतिसूक्ष्म कणांचा द्रव) तेच, सपोर्ट (थराखालची सच्छिद्र डिस्क) तेच, भट्टी तीच. ऑक्टोबर उजाडला की सगळं पुन्हा जागेवर. दोन पावसाळे आम्ही 'झटपट भाजणं (डिस्क थेट तापलेल्या भट्टीत घालणं) मानवत नाही' असं म्हणून जुन्या संथ पद्धतीकडे वळलो आणि दोन्ही वेळा कारण चुकीचं धरलं होतं. पुण्यात किंवा असंच हवामान असलेल्या ठिकाणी कुणी सोल-जेल पद्धतीने गॅस वेगळे करायच्या मेम्ब्रेन बनवत असेल, तर हे वाचून त्यांचा एक तरी पावसाळा वाचावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी रचना

खाली अल्फा-अल्युमिनाची सच्छिद्र डिस्क, ३९ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची. तिची छिद्रं साधारण १०० नॅनोमीटरची. त्यावर बोहमाइटच्या (अल्युमिनियमच्या एका हायड्रॉक्साइडच्या) सोलमध्ये बुडवून गॅमा-अल्युमिनाचे दोन थर, ६०० अंशांना भाजलेले. इथे छिद्रं ४ नॅनोमीटरच्या आसपास येतात. सर्वांत वर टीईओएसपासून (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट या द्रवापासून) केलेल्या सिलिका सोलचे दोन अतिपातळ थर, ४०० अंशांना भाजलेले. खरं काम हा वरचा थर करतो. हायड्रोजनच्या रेणूचा गतिज व्यास, म्हणजे छिद्रातून जाताना लागणारी रुंदी, ०.२८९ नॅनोमीटर, कार्बन डायऑक्साइडचा ०.३३, नायट्रोजनचा ०.३६४, मिथेनचा ०.३८. एवढ्याशा फरकावर चाळणी चालवायची असते. म्हणून एखादी चीर किंवा सुईच्या टोकाहून कितीतरी लहान छिद्र राहिलं, तरी सगळी मेहनत पाण्यात जाते.

जुनी पद्धत म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. ६०० अंशांना पोचायला १९ तास, तिथे ३ तास, उतरायला पुन्हा १९. एका गॅमा थराला ४१ तास. सिलिकाच्या एका थराला २८ तास. चार थर मिळून जवळपास १३९ तास फक्त भट्टी चालू, म्हणजे एका डिस्कसाठी पावणेसहा दिवस. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेल्या मुलांच्या हातात चार-पाच महिने असतात. त्यात अशा किती डिस्क होणार?

या संथपणाची गरज सरसकट नसते, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. २००९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने झिओलाइटच्या (बारीक छिद्रांच्या स्फटिकांच्या) मेम्ब्रेन मिनिटभरात ७०० अंशांपर्यंत तापवल्या आणि त्या संथ भाजलेल्यांपेक्षा चांगल्या निघाल्याचं दाखवलं. झटपट तापवण्याने स्फटिकांमधल्या सांध्यांचे दोष कमी झाले होते. ते पदार्थ आमच्यापेक्षा वेगळे. तिथे झायलीनचे प्रकार वेगळे करायचे होते. पण धीर मिळायला तेवढं पुरेसं होतं. सिलिकाच्या थरातही जोडणीची रासायनिक क्रिया हवं ते तापमान गाठल्यावर पटकन होते. बाकीचे तास आपण भीतीपोटी घालवत असतो.

जुलैत काय दिसायचं

आधी सांगते ते लक्षण सर्वांत फसवं होतं, आणि आमचे पहिले कित्येक आठवडे त्यातच गेले.

डिस्क भट्टीतून काढली, डबीत ठेवली, दुसऱ्या दिवशी टेस्ट सेलमध्ये बसवली. आमच्याकडे प्रवाह मोजायला काचेचा सोप बबल मीटर आहे: उभी नळी, खाली साबणाचं पाणी, गॅस आला की बुडबुड्याचा पातळ पडदा वर सरकतो आणि आपण स्टॉपवॉच दाबतो. हेलियम सोडला. पडदा हलेना. नायट्रोजन सोडला, तरी हलेना. प्रोजेक्टची मुलगी उड्या मारायलाच लागली, "ताई, बघा ना, एकदम टाइट आहे!" मग सेल १५० अंशांना तापवला, तासभर सुका नायट्रोजन फिरवला, आणि तोच पडदा सरसर वर निघाला. दोन्ही गॅसना. हेलियम आणि नायट्रोजनचं गुणोत्तर आलं २.६ च्या आसपास.

हा आकडा ओळखीचा असायला हवा. फक्त रेणूंच्या वजनामुळे पडणारा फरक, म्हणजे नुडसेन प्रवाह, हेलियम-नायट्रोजनला वर्गमूळ ७, म्हणजे २.६५ देतो. हायड्रोजन-नायट्रोजनला ३.७३. तुमचं गुणोत्तर इथेच अडकलं असेल तर सिलिकाचा थर जणू नाहीच. गॅस खालच्या ४ नॅनोमीटरच्या छिद्रांमधून मोकळा जातो आहे.

मग आधी प्रवाह शून्य का? भिंतीवरचा आर्द्रतामापक तेव्हा ८४ दाखवत होता. केल्विनच्या समीकरणात आकडे घालून पाहा: पाण्याचा पृष्ठताण ०.०७२, छिद्राची त्रिज्या २ नॅनोमीटर, तापमान २५ अंश. साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेलाच अशा छिद्रात वाफेचं पाणी होतं. म्हणजे पुण्याच्या जुलैत गॅमा-अल्युमिनाची छिद्रं टेबलावर पडल्या पडल्या पाण्याने भरतात. पाण्याचं बूच बसलं की गॅस जाणार कुठून? खालच्या १०० नॅनोमीटरच्या छिद्रांना हा त्रास नाही, त्यांना जवळजवळ ९८ टक्के आर्द्रता लागते. त्यामुळे नुसता सपोर्ट तपासला तर काहीच कळत नाही.

तेव्हा पहिला उपाय हाच: खोलीच्या तापमानाला घेतलेल्या कुठल्याही मोजमापावर पावसाळ्यात विश्वास ठेवू नका. डिस्क सेलमध्ये बसवून १५० ते २०० अंशांना, सुक्या नायट्रोजनमध्ये, प्रवाह स्थिर होईपर्यंत ठेवा. मगच आकडा लिहा.

आणि खरा दोष

हे पाण्याचं गणित समजल्यावर माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न आला. मोजताना छिद्रं भरलेली असतात, तर सिलिकामध्ये बुडवताना ती भरलेली नसतात कशावरून?

आमची पद्धत अशी होती की गॅमा थर भाजून झाला की डिस्क रात्रभर टेबलावर, पेट्री डिशमध्ये. सकाळी सोल पातळ करायचा, गाळायचा, बुडवायचं. एप्रिलमध्ये याने काही बिघडत नाही. दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. जुलैत मात्र आपण पाण्याने काठोकाठ भरलेल्या स्पंजवर इथेनॉलचा सोल चढवत असतो. कोरडी छिद्रं सोलमधला द्रव ओढून घेतात आणि वर एकसारखा थर बसतो. भरलेली छिद्रं काही ओढत नाहीत. वर पाणी आणि इथेनॉल मिसळतं, थर कुठे जाड, कुठे विरळ होतो. मग ही डिस्क आपण थेट तापलेल्या भट्टीत घालतो. थराखालच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाट काढते.

संथ भट्टीत हेच पाणी रात्रभर, हळूहळू, काही न मोडता निघून जायचं. म्हणून संथ पद्धत 'बरी' वाटायची. दोष तिथेही होताच, फक्त झाकला जात होता.

आम्ही एकाच बॅचच्या डिस्कचे दोन गट केले. एक गट रात्रभर टेबलावर. दुसरा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये. बुडवायच्या आधी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या काचेच्या बंद भांड्यात) थंड केला आणि बाहेर काढल्यावर मिनिटभरात सोलमध्ये. दोन्ही गटांतल्या काही डिस्क झटपट भाजल्या, काही संथ. ओव्हनमधल्या डिस्क दोन्ही प्रकारे उत्तम उतरल्या. टेबलावरच्या झटपट भाजलेल्या सगळ्या गळल्या. टेबलावरच्या संथ भाजलेल्या पास झाल्या, पण त्यांची गुणोत्तरं ओव्हनवाल्यांपेक्षा खाली. ते पान मी वहीत पुन्हा पुन्हा उघडून पाहते. इतकं साधं होतं आणि आम्ही दोन वर्षं भट्टीचा प्रोग्रॅम बदलत बसलो होतो.

डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळं आहे ना, हेही बघा. पावसाळ्यात ते आठवड्यातच गुलाबी पडतं आणि मग डेसिकेटर नुसता काचेचा डबा उरतो.

गॅमा थराला मात्र उलटं लागतं

इथे गोंधळ होऊ देऊ नका. सिलिकासाठी डिस्क कोरडी हवी, पण बोहमाइटचा थर वाळवताना हवा फार कोरडी चालत नाही. तो सोल पाण्यातला आहे. वाळताना बारीक छिद्रांमध्ये जो केशिका-दाब तयार होतो तो २ नॅनोमीटर त्रिज्येला ७२ मेगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे सातशे वातावरणांइतका. थर घाईने आणि असमान वाळला की याच दाबाने तडकतो. म्हणून हा थर ४० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला तीनेक तास वाळवायची पद्धत रूढ आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्यात ६० टक्के आणायची कुठून?

महागडा क्लायमेट चेंबर नसला तरी अडत नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी एका बशीत मिठाचं घट्ट द्रावण ठेवा, ज्यात न विरघळलेलं मीठ खाली दिसत राहील. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. थोडी कमी हवी असेल तर मॅग्नेशियम नायट्रेट, ते खोलीच्या तापमानाला साधारण ५३ देतं. आम्ही मीठच वापरतो. उन्हाळ्यातल्या गॅमाच्या चिरा या डब्याने जवळजवळ बंद झाल्या.

थराची जाडीही इथेच तपासा. ठराविक जाडीपुढे थर तडकतोच, कितीही जपून भाजा. आमच्या मापाच्या डिस्कवर १ मायक्रॉन गॅमा थराचं वजन साधारण २ मिलिग्रॅम भरतं. चार दशांशांच्या तराजूवर हे सहज दिसतं, पण डिस्क आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ओव्हनमधून काढून डेसिकेटरमध्ये थंड केलेली हवी, नाहीतर तुम्ही हवेतलं पाणीच तोलाल. एका बुडवणीत ५ मिलिग्रॅमच्या वर वजन वाढलं तर सोल पातळ करा किंवा डिस्क बुडवून ठेवायचा वेळ कमी करा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे. शिवाय पहिल्या थरात राहिलेली धूळ-चीर दुसरा थर बुजवतो.

भट्टीचा दोष असतो तेव्हा

तोही असतोच. आमच्याकडे तीन प्रकार सापडले.

डिस्कवर तपकिरी डाग किंवा करडी झाक: थराला तडे जाऊ नयेत म्हणून बोहमाइट सोलमध्ये पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घालतात. ते जळायला हवा लागते. छोट्या मफल भट्टीत एकदम सहा डिस्क ठेवून दार घट्ट लावलं की ऑक्सिजन संपतो आणि कार्बन मागे राहतो. व्हेंट उघडा ठेवा, एका वेळी दोनच डिस्क घाला, आणि आधी ३५० अंशांना अर्धा तास थांबा. सिलिकाच्या थरात पीव्हीए नसतो, तिथे हा टप्पा लागत नाही.

काढताना 'टक्' असा बारीक आवाज: ही सपोर्टची चीर, थराची नाही. अल्युमिना तापताना जितका सोसतो तितका गार होताना सोसत नाही, कारण तेव्हा पृष्ठभाग ताणला जातो. एका मुलाने ६०० अंशांवरची डिस्क चिमट्याने काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. तीन सेकंदांत आवाज आला आणि मधोमध केसासारखी रेघ उमटली. आता आम्ही सिरॅमिक फायबरच्या दोन ब्लँकेटांमध्ये डिस्क ठेवतो, तीसुद्धा भट्टीच्या वर ठेवून कोमट केलेली. चिमट्याची टोकंही आधी भट्टीच्या तोंडाशी धरून तापवतो. तोंडावर शील्ड आणि हातात लांब मोजे नसतील तर ६०० अंशांची भट्टी उघडूच नका.

तिसरा प्रकार आम्हाला भोसरीच्या एका भट्टी दुरुस्त करणाऱ्या काकांनी दाखवला. काही डिस्कवर थर अर्धवट भाजल्यासारखा, बोटाने पुसला तरी निघणारा. डिस्प्लेवर मात्र चक्क ६००. काकांनी पिशवीतून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) काढलं, टोक एका टाकाऊ डिस्कला तारेने बांधलं आणि दाराजवळ ठेवलं. "मॅडम, हा डिस्प्ले मागच्या भिंतीचं टेंपरेचर सांगतो. तुमचा माल दाराशी असतो." दार उघडून डिस्क ठेवेपर्यंत तिथलं तापमान खूपच खाली यायचं आणि परत चढायला बराच वेळ घ्यायचं. संथ पद्धतीत हे कधी कळलंच नसतं, कारण तिथे दार उघडायचा प्रश्न नव्हता. तेव्हापासून डिस्क मधोमध, विटेच्या तापलेल्या तुकड्यावर ठेवतो आणि वेळ डिस्कचं तापमान ६०० झाल्यावर मोजायला सुरुवात करतो.

गळती कुठली, हे कसं ओळखायचं

सर्वांत आधी ओ-रिंग, म्हणजे सेलमध्ये डिस्क घट्ट बसवणारी रबरी कडी. मेम्ब्रेनच्या जागी तेवढ्याच जाडीची ठोस स्टीलची चकती बसवा आणि हेलियम सोडा. बुडबुडा हलला तर मेम्ब्रेनला दोष देण्याआधी ओ-रिंग बदला. व्हायटॉनची रिंग २०० अंशांपर्यंत चालते, पण वारंवार तापून ती चपटी होते.

मग दाब बदलून पाहा. मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंच्या सरासरी दाबाचे तीन-चार टप्पे घ्या आणि प्रत्येक वेळी प्रवाहाला दाबाच्या फरकाने भागा. सरासरी दाबाबरोबर हा भागाकार वाढत गेला तर मोठी चीर आहे. अशा वाटेतून गॅस पाण्यासारखा वाहतो. भागाकार सपाट राहिला आणि गुणोत्तर २.६५ जवळ असेल तर चीर नाही, पण सिलिकात बारीक छिद्रं आहेत किंवा थर कुठेतरी बसलाच नाही. ही डिस्क फेकू नका, आणखी एक सिलिका थर देऊन वाचू शकते. चीर असलेली मात्र वाचत नाही, आणि तिसरा-चौथा थर देऊन बघण्यात जाणारे दिवस परत मिळत नाहीत.

चिरेची जागा पाहायची असेल तर टाकाऊ डिस्कवर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाका आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. चिरेत शाई राहते. चांगल्या डिस्कवर हा प्रयोग करू नका, शाई छिद्रांत कायमची बसते.

बारीक छिद्रांचं मोठं कारण धूळ. सिलिकाचा थर किती पातळ असतो पाहा: १९९८ साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात ३० नॅनोमीटरचा निर्दोष सिलिका थर केला गेला, आणि त्यांनी तो मुद्दाम स्वच्छ कक्षात चढवला होता. हवेतला १ मायक्रॉनचा कण त्या थराच्या तीसपट मोठा. आपल्याकडे स्वच्छ कक्ष नसतो, पण लॅमिनार हूड असतो. बुडवणं त्यातच करा, सोल ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून बुडवण्याच्या अगदी आधी गाळा, आणि पुठ्ठ्याची खोकी त्या खोलीतून बाहेर काढा. आमच्या शेजारी इमारतीचं काम सुरू झालं त्या उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवल्याचाच केवढा फरक पडला होता.

सध्याचा क्रम

गॅमाचा थर मिठाच्या डब्यात तीन तास, ओव्हनमध्ये १२० अंशांना एक तास, ३५० ला अर्धा तास, ६०० ला एक तास, ब्लँकेटमध्ये गार. दुसरा थर तसाच. त्यानंतर डिस्क टेबलावर येतच नाही: ओव्हन, डेसिकेटर, सिलिका सोल, पुन्हा ओव्हन, ४०० ला एक तास. चार थरांसाठी तापलेल्या भट्टीत डिस्क एकूण पाच तास असते. रोज एक थर धरला तरी शुक्रवारी सुरू केलेली डिस्क मंगळवारी सेलमध्ये बसते, मधला रविवार सोडून. भोसरीला गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे काकांना भट्टी दाखवायची झाली तर बुधवारच्या आत फोन करावा लागतो, एवढंच बंधन उरलं आहे.

प्रत्येक डिस्कच्या पाकिटावर आता बुडवतानाची आर्द्रता लिहितो. गेल्या जुलैत त्या रकान्यात ७८, ८१, ८६ असे आकडे आहेत. त्यांच्यासमोरचे निकाल मे महिन्याच्या डिस्कपासून वेगळे काढता येत नाहीत.